अस्वल ओ देत नाही

भित्री भागूबाई हे नाव तिला ताईनं ठेवलं. तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि न्हाणीघरात पाल दिसली म्हणून दोन दिवस आंघोळीला गेली नव्हती. पुढं 'भित्री' गळून पडलं आणि नुसतं 'भागूबाई' उरलं. लग्नानंतर ते सासरीही पोचलं, कारण ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता भागूबाईला दोन मुली होत्या, थोरली सात वर्षांची आणि धाकटी पाचाची. म्हणजे पूर्वी जी एकट्या जिवाची भीती होती ती आता तिघींची झाली होती.

तिच्या भीतीला हसणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. लग्नाआधी आणि नंतरही ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती, तेव्हा ही भीतीच कामाला आली. डॉक्टरची चिठ्ठी ती पुन्हा पुन्हा वाचायची, बाटलीवरची तारीख उजेडात धरून बघायची, आणि गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं तरी मागून धावत जाऊन विचारायची, "अहो, मी तुम्हाला पांढरीच गोळी दिलीय ना?" मालक कपाळाला हात लावायचा. पण त्या दुकानातून चुकीची गोळी कधी गेली नाही.

मग व्हॅनचं झालं. शाळेच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर थोरलीला झोप लागली. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं नाही, व्हॅन कुलूप लावून उभी केली आणि जेवायला गेला. सापडली तेव्हा पोर घामानं निथळत होती आणि हाका मारून मारून तिचा घसा बसला होता. डॉक्टर म्हणाले, काही झालं नाही, पाणी पाजा. पण भागूबाईला व्हायचं ते झालं होतं. तिनं नोकरी सोडली, शाळेतून नाव काढलं, दाराला दुसरी कडी बसवून घेतली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. भागूबाई पाणी फुंकून प्यायला लागली.

नवरा कोल्ड स्टोरेजमध्ये पाळ्या करायचा. आठ तास थंडीत काढून आलेल्या माणसात वाद घालायची ऊब उरत नाही. "तुला जमेल तर शिकव," एवढंच तो म्हणाला. शेजारच्या इमारतीत राहणारी ताई मात्र दर भेटीत म्हणायची, "अगं, पोरींना वाढवतेयस की बरणीत घालून ठेवतेयस?"

पण शिकवायची ती झकास. यात तिची भीती आड आली नाही, उलट तिनं तयारी करून घेतली. तिची पद्धत अशी की एक चित्रांचं पुस्तक घ्यायचं आणि महिनाभर त्याच्याच घरात राहायचं. गणित त्यातलं, भाषा त्यातली, विज्ञान त्यातलं, खेळही त्यातलाच. या महिन्यात पुस्तक होतं अस्वलाचं. थंडी पडायला लागते, अस्वल झोपायला जागा शोधत हिंडतं. उलट्या नावेखाली ओल लागते, गवताच्या गंजीत अंगाला खाज सुटते, आणि शेवटी त्याला गुहा मिळते. सगळी मिळून मोजकीच पानं, आणि पानभर एखादंच वाक्य.

भागूबाईनं त्यातून काय काय काढलं! खडूनं बैठकीच्या फरशीवर खऱ्या मापाचं अस्वल आखलं. नाक खिडकीशी आणि मागचे पाय थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. त्याच्या पोटात मुली जेवायला बसायच्या. झोपलेल्या अस्वलाचं काळीज किती सावकाश चालतं हे सांगताना तिनं मुलींना एकमेकींच्या छातीला कान लावायला सांगितला. धाकटीनं आईच्या छातीलाही लावला आणि ओरडली, "आईचं अस्वल पळतंय!" यावर नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. औषधांच्या दुकानातल्या फ्रिजची जुनी तापमापी घेऊन तिघी घरभर फिरल्या. पलंगाखाली, कपाटात, फ्रिजमध्ये, माळ्यावर. अस्वलाला कुठली जागा चालेल? अंधारी हवी, कोरडी हवी, तोंड लहान हवं आणि आत ऊब हवी. थोरलीनं नाक मुरडलं. "आपल्या घरात अस्वल झोपणारच नाही. एकही जागा गरम नाही."

आणि मग ते पान. अस्वल गुहेत शिरलंय आणि बाहेरून एकेक जण हाका मारतोय. ससा म्हणतो खेळायला ये, कोल्हा म्हणतो तुझा मध सांडलाय, वारा म्हणतो मी तुझा मित्र. अस्वल काही ओ देत नाही. कोल्हा तर गुहेच्या तोंडाशी येऊन दात विचकतोय, आणि आत अस्वल पंजा तोंडावर ठेवून गप्प.

हे पान बघितल्यावर भागूबाईला वाटलं, देवच पावला. जे शिकवायला शब्द सापडत नव्हते ते आयतं समोर आलं. "बघितलंत? अस्वल शहाणं आहे. कोण हाका मारतंय, कशाला मारतंय, काय माहीत? आपण ओ द्यायची नाही. अगदी नावानं हाक मारली तरी नाही. बाहेर भीती आहे असं वाटलं की आणखी आत सरकायचं आणि चिडीचूप." मग सराव. मुली पलंगाखाली, आणि ही दाराबाहेर उभी राहून आवाज बदलून बोलणार: "पोरींनो, मी तुमच्या बाबांचा मित्र, खाऊ आणलाय!" आतून चकार शब्द नाही. पहिल्या दिवशी धाकटी खाऊसाठी बाहेर आली; थोरलीनं तिला असं काही झापलं की पुन्हा ती चूक झाली नाही. आठवड्याभरात दोघी दगडासारख्या गप्प बसायला शिकल्या. भागूबाईनं ताईला फोन करून मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. ताई म्हणाली, "छान. आता त्यांना बोलायला कधी शिकवणार?"

त्या दिवशी दुपारी वारा सुटला होता. गच्चीवर वाळत घातलेले कपडे उडतील म्हणून भागूबाई वर गेली. मुली अस्वलाच्या पोटात बसून चित्रं रंगवत होत्या. दार तिनं नुसतं ओढून घेतलं, कारण हात भरलेले असताना दोन-दोन कड्या कोण उघडणार. गच्चीवर एक चादर टाकीच्या पाइपात अडकली होती, ती सोडवण्यात थोडा वेळ गेला. जिना उतरताना दिवा विझला. वीज गेली होती. कपड्यांचा ढीग छातीशी धरून ती अंधारात चाचपडत खाली आली.

दार उघडं होतं.

"अस्वलं कुठायत?" ती लाडात म्हणाली. उत्तर नाही. ती हसली, पलंगाखाली वाकली, कपाट उघडलं, पडद्यामागं बघितलं. मग दाराशी आली आणि तिथं तिला दिसलं की दोन लहान चपलांचे जोड जागेवर नाहीत. कपडे हातातून खाली पडले.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. भागूबाईच्या मनाला तर जन्मभराचा सराव होता. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत पोचेतो तिला दोघी रस्त्यावर पडलेल्या दिसल्या, दुसऱ्या वळणावर कुणाच्या तरी गाडीत कोंबलेल्या दिसल्या, आणि तळमजल्यावर येईतो ती किंचाळायला लागली होती. तो आवाज तिचा तिलाही ओळखू येत नव्हता. बारीक आवाजात बोलणारी बाई ती. दुकानात मालक म्हणायचा, जरा मोठ्यानं बोला, गिऱ्हाइकाला ऐकू जात नाही.

इमारतीच्या तळमजल्याला लाँड्री होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथं धुवायला येत. लाँड्रीवाले काका वीज गेल्यामुळे दाराशी स्टूल टाकून वारा घेत बसले होते.

"काका, पोरी! पोरी आल्या होत्या का इकडे?"

"सकाळी तुमच्याबरोबर आल्या होत्या की, मशीनला हात लावून गेल्या. आत्ता नाही बघितल्या. मी मागं चहा प्यायला गेलो होतो."

ती दारातूनच आत ओरडली. एकदा थोरलीच्या नावानं, एकदा धाकटीच्या, मग नुसतंच. आत मशीनं अंधारात ओळीनं उभी होती आणि चादरींच्या ढिगांतून ओल्या साबणाचा वास येत होता. कुणी ओ दिली नाही. ती रस्त्यावर धावली.

पुढचा सगळा वेळ तिला नंतर नीट आठवला नाही. कोपऱ्यावरच्या चांभारानं हातातलं काम टाकलं आणि तो एका बाजूला गेला. समोरची शिंपीणबाई दुसऱ्या बाजूला. बाजूच्या इमारतीतून ताई आली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. सगळे मुलींच्या नावानं हाका मारत होते. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुसरा आवाज नव्हता. भागूबाईनं बंद पडलेल्या लिफ्टच्या फटीतून खाली वाकून बघितलं. पुन्हा गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं आणि मोबाइलचा उजेड पाण्यावर धरला. पाण्यात तिचाच चेहरा होता. झाकण पुन्हा बसवायला ताईला बोलवावं लागलं.

"शाळेत असत्या तर निदान बाकावर असत्या," ताई म्हणाली. म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. पण बोलून गेलीच.

नवऱ्याचा फोन लागत नव्हता; थंड खोलीत फोन लागत नाही. भागूबाई घरात आली. आणखी कुठं जायचं ते तिला सुचेना. ती फरशीवर मटकन खाली बसली, खडूच्या अस्वलाच्या मधोमध. पोलिसांना फोन करायला ताई नंबर लावत होती. भागूबाईचा हात फरशीवर टेकला होता आणि फरशी गार होती.

एकही जागा गरम नाही, असं थोरली म्हणाली होती.

अंधारी. कोरडी. तोंड लहान. आणि आत ऊब. आपणच शिकवलं होतं. पोरी कुणी पळवल्या नव्हत्या, हरवल्याही नव्हत्या. पोरी अभ्यास करत होत्या! भागूबाई उठली आणि ताईला काही न सांगता जिन्यावरून अशी धावली की शेवटच्या तीन पायऱ्या तिच्या पायाला लागल्याच नाहीत.

"काका, वाळवायचं मशीन कुठलं?"

"ती दोन गोल तोंडाची. का हो?"

"आत काय आहे?"

"चादरी. अर्धवट वाळल्या होत्या, दुसऱ्या फेरीला टाकल्यात. चहाच्या आधी निम्म्या भरल्या, येऊन वरून बाकीच्या भरल्या, दार लावलं, बटण फिरवलं आणि तेवढ्यात वीज गेली. राहू दे म्हटलं तसंच. जुनी मशीनं आहेत, वीज आली की आपोआप फिरायला लागतात."

भागूबाई त्यांना ओलांडून आत शिरली.

"आत काही नाही हो," काका म्हणाले. "मागं एकदा मांजर शिरलं होतं, तेव्हापासून मी रोज ड्रमवर थापा मारतो आणि विचारतो, कोण आहे का आत? आजही विचारलं. कुणी ओ..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. पहिलं दार ओढलं, आत रिकामा ड्रम. दुसऱ्याची मूठ घट्ट होती. ती दोन्ही हातांनी लटकली तेव्हा मूठ सुटली. दारातून कोमट वाफ तोंडावर आली. चादरी, पांढऱ्या चादरी, नुसत्या चादरी. ती कमरेपर्यंत आत शिरली आणि दोन्ही हातांनी उपसायला लागली, मुलींची नावं घेत, रडत, ओरडत. हाताला एक छोटं, घामेजलेलं पाऊल लागलं. ते पाऊल मागं ओढलं गेलं.

ड्रमच्या अगदी मागं, चादरींच्या भिंतीआड, थोरली अंग चोरून बसली होती. मांडीवर धाकटी. धाकटीच्या तोंडावर थोरलीचा हात घट्ट दाबलेला. दोघींचे डोळे उघडे होते, मोठे, टक्क उघडे. आईला बघूनही थोरलीनं हात काढला नाही. भागूबाईला तो बोटाबोटानं सोडवावा लागला.

तिनं दोघींना बाहेर ओढून काढलं आणि फरशीवर बसून कवटाळलं. काका चादरींच्या ढिगावर बसले. त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. "मी विचारलं होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी विचारलं होतं हो." थोड्या वेळानं दिवे लागले. पलीकडची धुण्याची मशीनं एकदम गरगरायला लागली. काकांनी उठून सगळ्यांची बटणं बंद केली आणि त्या दिवशी पुन्हा चालू केली नाहीत.

संध्याकाळी नवरा घरी आला. ऐकून तो मुलींच्या डोक्यांवरून हात फिरवत राहिला. त्याचा हात अजून गार होता, पण मुलींनी तो झटकला नाही. धाकटी लवकरच हसायला लागली. गुहा किती मस्त होती, काकांनी ढोल कसा वाजवला, हे सगळं तिनं बाबांना सांगितलं. थोरली गप्प होती. भागूबाईनं तिला मांडीवर घेतलं. रागवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि राग खरोखर आलाही नव्हता. पण विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"काकांनी विचारलं तेव्हा बोलली नाहीस, ते ठीक. सगळे हाका मारत होते तेव्हाही नाहीस, तेही मीच शिकवलं. पण मी आले होते ना गं? दारातून हाका मारत होते. माझा आवाज ओळखला नाहीस?"

"ओळखला," थोरली म्हणाली.

"मग?"

थोरलीनं आईकडं बघितलं. असं बघितलं, की हिला एवढं साधं कसं कळत नाही.

"तू किती घाबरून ओरडत होतीस. मला वाटलं बाहेर काहीतरी फार वाईट आलंय. म्हणून मी छोटीचं तोंड दाबलं आणि आम्ही आणखी आत सरकलो."

नवऱ्यानं मान खाली घातली. भागूबाईला वाटलं होतं की आज जे व्हायचं राहिलं ते भयंकर होतं. आता कळलं की जे होऊन गेलं होतं तेही कमी नव्हतं. आपल्या हाकेनं लेक जवळ येण्याऐवजी लांब गेली, हे तिच्या काळजात रुतून बसलं. रात्रभर ती मुलींच्या मध्ये झोपली, म्हणजे जागीच होती.

सकाळी पुस्तक काढलं नाही. नवरा कामावर गेल्यावर तिनं मुलींना आतल्या खोलीत जायला सांगितलं. "आज उलटा खेळ. मी हाक मारणार आणि तुम्ही ओ द्यायची." धाकटी टाळ्या वाजवत गेली. थोरलीनं आत जाऊन दाराची कडी लावली. ती तिनं आपल्या मनानंच लावली.

भागूबाईनं दाराबाहेर उभं राहून हाक मारली. धाकटीनं लगेच ओ दिली, गात गात, दहा वेळा. थोरलीनं दिली नाही. भागूबाईनं पुन्हा हाक मारली, हळू, नेहमीच्या आवाजात. आत शांतता. तिला दार ठोठावावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं; कालची सगळी वाफ पुन्हा तोंडावर आल्यासारखी झाली. ती खाली बसली आणि दाराला पाठ टेकवली. थोड्या थोड्या वेळानं ती हाक मारत राहिली. गॅसवरचं दूध उतू गेलं, त्याचा वास आला, ती उठली नाही.

कधीतरी दारापलीकडे अगदी जवळ, तिच्या पाठीच्या उंचीवर, बारीकसा आवाज आला.

"आई, तू घाबरलीयस का?"

नाही म्हणायचं भागूबाईच्या ओठावर आलं होतं. सात वर्षं ती हेच म्हणत आली होती, आणि सात वर्षं पोरीनं त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता, हे तिला आत्ता दिसलं.

"हो," ती म्हणाली. "खूप घाबरलेय. पण बाहेर काही नाहीये, बाळा. नुसती मी आहे. तू ये."

कडी काढल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.